पायाखालची आस

पंढरपूरच्या आसपास, भीमेच्या काठानं एक भोपळा असा पिकतो की त्याची भाजी कुणी करत नाही. तो कडू असतो. शेतकरी तो वेलावरच पुरता जून होऊ देतात आणि मग उतरवून वाळवतात. आतला गर सुकला की पोकळ, हलकं आणि टणक कवच उरतं. सोलापूर जिल्ह्यातलं हे पीक मिरजेला जातं. तिथे त्याला दांडी बसते, वर लाकडाची पातळ तबली चढते, घोडी बसते, चार तारा ओढल्या जातात आणि भोपळ्याचा तंबोरा होतो.

मिरजेत हे काम १८५० च्या सुमारास सुरू झालं. हत्यारं घडवणाऱ्या आणि त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले आणि तेव्हापासून ही कला पिढ्यान्‌पिढ्या मिरजेत राहिली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. या वाद्यांबद्दल बोलताना कारागीर आणि गवई एक शब्द सारखा वापरतात: आस. तार छेडून बोट निघून गेलं तरी मागे जो नाद रेंगाळतो, ती आस. तंबोऱ्याला आस नसेल तर त्याच्या तारा कितीही सुरात असोत, गवई तो बाजूला ठेवतो.

आता भोपळा पिकवणाऱ्या सोलापूर जिल्ह्यातलंच दुसरं चित्र. सोलापूर शहरातलं दोन खोल्यांचं घर, टेबलावर लॅपटॉप, त्याला वायरीनं जोडलेला कीबोर्ड, त्यावर धूळ बसू नये म्हणून घातलेली चादर, आणि खुर्चीखाली फरशीवर सरकत राहणारं एक छोटं काळं पेडल. लॅपटॉपमध्ये पियानो आहे. परदेशातल्या एखाद्या स्टुडिओत ठेवलेल्या नऊ फुटी ग्रँड पियानोचा आवाज हेडफोनमधून कानात येतो. पट्ट्या दाबल्या की पहिली दोन मिनिटं थक्क व्हायला होतं. मग हळूहळू काहीतरी खटकू लागतं. प्रत्येक सूर स्वतंत्रपणे सुंदर असतो, तरी सगळे मिळून एका वाद्यातून आल्यासारखे वाटत नाहीत. हे खटकणं बहुतेक वेळा बोटांशी संबंधित नसतं. त्याचा उगम त्या सरकणाऱ्या पेडलाशी असतो, आणि ते समजून घ्यायला भीमाकाठचा भोपळा चांगला वाटाड्या आहे.

खरा पियानो सोलापुरात फार कमी घरांत दिसेल, याला पैशाखेरीज हवेचंही कारण आहे. पियानोचा साउंडबोर्ड स्प्रूसच्या पातळ लाकडाचा असतो. साधारण २३० तारांचा एकूण ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो आणि तो लोखंडी चौकट पेलते. लाकूड मात्र हवेतल्या ओलाव्यावर फुगतं आणि आकसतं. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर जाणारी कोरडी सोलापुरी हवा आणि त्यानंतर येणारा पावसाळा यांत पियानो सुरात ठेवायचा तर वातानुकूलित खोली हवी आणि वर्षातून दोनदा तरी मुंबई-पुण्याहून ट्यूनर यायला हवा. म्हणून सोलापूर, लातूर, नांदेड अशा शहरांतल्या पियानो शिकणाऱ्या मुलांचा पहिला आणि बहुधा एकमेव पियानो संगणकातला असतो. तो किती खरा आहे, हा प्रश्न त्यांच्यासाठी चैनीचा नाही. त्यांचा कान त्याच्यावरच घडणार असतो.

पियानोत पट्टी दाबली की दोन गोष्टी होतात. हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते, आणि तारेवर बसलेली नमद्याची छोटी गादी, म्हणजे डँपर, वर उचलला जातो. पट्टी सोडली की डँपर पुन्हा तारेवर बसतो आणि सूर थांबतो. अगदी वरच्या साधारण २० पट्ट्यांच्या तारांना डँपरच नसतो. त्यांचा आवाज इतक्या लवकर विझतो की त्याला अडवण्याची गरजच पडत नाही. खर्जातली तार मात्र मोकळी सोडली तर अर्धा मिनिटही घुमत राहते.

उजवं पेडल दाबल्यावर सगळे डँपर एकदम वर जातात. एवढंच. पण या ‘एवढंच’मध्ये पियानोचा निम्मा प्राण आहे. पेडल सूर लांबवतं असं शिकवलं जातं. ते खरं असलं तरी फार अपुरं आहे. पेडल दाबलेलं असताना मधल्या सप्तकातला एक सा वाजवला, की न वाजवलेल्या तारांपैकी ज्यांचा त्या सुराशी संबंध आहे त्या आपोआप कंप पावू लागतात: खालच्या सप्तकातला सा, त्याच्याही खालचा सा, वरचा पंचम, वरचा गंधार. हातोडी एका पट्टीच्या तारांवर पडते आणि साउंडबोर्डमार्फत तिची बातमी बाकीच्या सगळ्या तारांपर्यंत पोचते. याला अनुनाद म्हणतात. पेडल दाबणं म्हणजे सगळ्या तारांना ऐकायची आणि बोलायची मुभा देणं.

मराठी श्रोत्याला हे नवं नाही. सतारीच्या पडद्यांखालून धावणाऱ्या तरफेच्या तारांना कुणी छेडत नाही, तरी त्या वाजत असतात. तंबोऱ्याच्या चार मोकळ्या तारांवर डँपर नावाची गोष्टच नाही. पियानोच्या भाषेत बोलायचं तर तंबोऱ्याचं पेडल जन्मभर दाबलेलंच असतं. मधल्या जोडीच्या दोन तारा षड्जात लावलेल्या असतात, पण दोघींत केसाएवढा फरक राहतो आणि त्या फरकातून नाद श्वास घेतल्यासारखा हलत राहतो. पियानोतही मधल्या आणि वरच्या सुरांना दोन-दोन, तीन-तीन तारा असतात. त्या अगदी तंतोतंत एकसारख्या नसल्यामुळेच सूर आधी झपाट्यानं उतरतो आणि मग बराच वेळ मंद तेवत राहतो, हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ गॅब्रिएल वाइनराइश यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं. तंबोऱ्याची जोड आणि पियानोची तिहेरी तार यांचं शास्त्र इथे शेजारी येऊन बसतं.

ही दोन्ही वाद्यं एकाच माणसाच्या प्रयोगशाळेतही शेजारी आली होती. चंद्रशेखर व्यंकट रामन यांना प्रकाशाच्या अभ्यासासाठी नोबेल मिळालं. त्याआधी कोलकात्यात त्यांनी वाद्यांवर मनापासून काम केलं. १९२० मध्ये पियानोची हातोडी तारेवर आपटते तेव्हा नेमकं काय होतं यावर त्यांचा एका सहकाऱ्यासह लिहिलेला निबंध प्रसिद्ध झाला, आणि १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्यावरचा. एरवी तार जिथे छेडावी त्या जागेवरून कोणते उपस्वर गळणार हे ठरतं. पण तंबोऱ्याची रुंद, किंचित गोलाईची घोडी आणि तिच्यावर सरकवलेला सुताचा धागा यांमुळे गळायला हवे ते उपस्वरही ऐकू येतात, हे रामन यांनी नोंदवलं. गवई ज्याला जवारी म्हणतात ती हीच. नीट लावलेल्या तंबोऱ्यात कुणी न छेडलेला ‘स्वयंभू गंधार’ ऐकू येतो, तो षड्जाचा पाचवा उपस्वर असतो.

पियानोच्या पेडलाचा जन्म जरा आडवळणानं झाला. फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी १७०० च्या सुमारास पियानो बनवला, तेव्हा त्यात पेडल नव्हतं. जर्मनीत गॉटफ्रीड झिल्बरमान यांनी सगळे डँपर एकदम उचलणारी खटकी केली, पण ती हातानं ओढावी लागे. म्हणजे वाजवणं थांबवून हात काढायचा. मग ती गुडघ्यापाशी आली. मोत्सार्टनं १७७७ मध्ये आउग्सबुर्गहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात योहान आंद्रेआस श्टाइन यांच्या पियानोच्या अशा गुडघ्याच्या खटकीची तारीफ केली आहे. शेवटी इंग्लंडमध्ये १७८३ मध्ये जॉन ब्रॉडवुड यांनी पेडलाचं पेटंट घेतलं आणि पाय कामाला लागला.

बेथोव्हननं या नव्या शक्तीचा पुरेपूर उपयोग केला. १८०१ मध्ये रचलेल्या, पुढे ‘मूनलाइट’ नावानं प्रसिद्ध झालेल्या सोनाटाच्या पहिल्या भागावर त्यानं सूचना लिहिली की हा सगळा भाग डँपर उचलूनच वाजवावा. त्याच्या काळच्या हलक्या पियानोवर ते शोभत असे. सूर पटकन विझत असत. आजच्या ग्रँड पियानोवर ती सूचना शब्दशः पाळली तर आधीची सुरावट पुढच्या सुरावटीत मिसळून गढूळ होते. म्हणून आजचे वादक पेडल पुरतं दाबत नाहीत आणि पुरतं सोडतही नाहीत. डँपर तारेला जेमतेम स्पर्श करेल इतक्या उंचीवर ते पाय तोलून धरतात. याला अर्धं पेडल म्हणतात, आणि संगणकातल्या पियानोची खरी परीक्षा इथेच आहे.

महाराष्ट्रात पायानं वाद्य वाजवणं काही नवं नव्हतं. संगीत नाटकांच्या काळात पायपेटी आणि ऑर्गन रंगमंचासमोर असत, पण त्यांत पाय हवा भरण्यासाठी चाले. हातपेटीत भाता डाव्या हाताकडे आला आणि पाय मोकळे झाले. पंढरीच्या वाटेवरच्या भजनात असो की सोलापुरातल्या एखाद्या क्लासमध्ये, बहुतेक मराठी मुलांची पहिली ओळख पेटीशी होते. पेटीत बोट उचललं की सूर संपतो, आणि बोट ठेवलं असेल तोवर तो तसाच भरलेला राहतो. या सवयीनं कीबोर्डकडे आलेल्या वादकाचं पेडलाशी दोनपैकी एक नातं जडतं. एक तर तो पेडलाला हात, किंबहुना पाय, लावत नाही. नाहीतर एकदा दाबलेलं पेडल गाणं संपेपर्यंत सोडत नाही. दोन्ही टोकं पेटीच्या तर्कातून येतात. पियानोचा तर्क वेगळा आहे: तिथे सूर जन्मल्या क्षणापासून विझत असतो, आणि त्या विझण्याला आकार देणं हे पायाचं काम.

त्यातली पहिली युक्ती ऐकायला उलटी वाटते. सूर वाजवतानाच पेडल दाबायचं नाही. सूर वाजतो त्या क्षणी पाय वर उचलायचा आणि लगेच, बोट पट्टीवर असतानाच, पुन्हा दाबायचा. असं केलं की जुना सूर नव्या सुराच्या जन्माबरोबर पुसला जातो आणि मध्ये भेग पडत नाही. नवशिक्याला हात आणि पाय एकदम खाली जावेत असं वाटतं, कारण टाळी देताना सगळं शरीर एकत्रच खाली जातं. इथे टाळी हाताची, आणि पाय तिच्या किंचित मागून. पहिले काही दिवस एकाच संथ सरगमेवर हे करावं लागतं. एकदा अंगवळणी पडलं की ते विसरता येत नाही.

दुसरी गोष्ट सप्तकाची. खर्जात दोन जवळचे सूर एकत्र घुमले तर कानाला खरखर जाणवते. तेच दोन सूर तार सप्तकात सुखानं नांदतात. म्हणून एकाच पेडलात डाव्या हातानं फार हालचाल करू नये. रागाच्या अंगानं जाणाऱ्या भावगीतात तर हे फारच जपावं लागतं. भैरवमधला कोमल रिषभ षड्जावर उतरतो तेव्हा पेडल बदललं नाही, तर दोघे एकमेकांवर घासत राहतात आणि रिषभाचं आंदोलन ऐकूच येत नाही. उलट भूपाच्या पाच सुरांत पेडल थोडं सैल सोडलं तरी चालतं. तिथे कुठलेच दोन सूर अर्ध्या अंतरावर नाहीत. रागागणिक पाय बदलतो, हे पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकं सांगत नाहीत. ते इथल्या वादकांनीच शोधून लिहून ठेवायला हवं.

आता संगणकाकडे. कीबोर्ड आणि संगणक यांच्यातली बोली म्हणजे मिडी. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारानं ती १९८३ मध्ये आली. त्या वर्षीच्या जानेवारीत एका कंपनीचा सिंथेसायझर दुसऱ्या कंपनीच्या सिंथेसायझरला वायरीनं जोडून वाजवून दाखवला गेला आणि २०१३ मध्ये दोघांना या कामासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं. मिडीत पेडलाला ६४ हा क्रमांक आहे, आणि त्याची किंमत ० ते १२७ यांमध्ये असते. मूळ नियम असा: ६३ पर्यंत पेडल सुटलेलं, ६४ पासून पुढे दाबलेलं. म्हणजे दिव्याचं बटण. पायाची सगळी नजाकत त्या एका उंबरठ्यावर अडते. मधल्या किंमती पाठवायची सोय होती, पण त्या समजून घेणारं वाद्य आणि पाठवणारं पेडल, दोन्ही हाती असेल तरच ती कामाची.

सोलापूर, पंढरपूर, बार्शी भागातल्या ऑर्केस्ट्रांत आणि लग्नाच्या स्टेजवर जे पेडल दिसतं ते बहुधा साधं स्विच असतं. ते एकतर चालू किंवा बंद. त्याचा एक घोटाळा जवळजवळ प्रत्येक वादकानं अनुभवलेला असतो: ऐन कार्यक्रमात पेडल उलटं चालू लागतं, पाय ठेवला की सूर तुटतो, उचलला की घुमतो. कारण साधं आहे. काही कंपन्यांची पेडलं सुटलेली असताना सर्किट जोडलेलं ठेवतात, काहींची तोडलेलं. अनेक कीबोर्ड सुरू होताना पेडलाची स्थिती तपासतात आणि त्या क्षणी जे सापडेल ते ‘सुटलेलं’ मानतात. स्विच चालू करताना घाईत पाय पेडलावर पडला असेल तर सगळा हिशेब उलटतो. पाय बाजूला घेऊन कीबोर्ड बंद करून पुन्हा चालू केला की तो सरळ होतो. अर्धं पेडल देणारं साधन हवं असेल तर त्याच्या प्लगकडे पाहावं. टोकाकडच्या धातूवर बहुधा दोन काळ्या रेघा असतात, स्विचच्या प्लगवर एकच. आणि घेण्याआधी आपला कीबोर्ड त्या मधल्या किंमती पाठवतो का, हे विचारून घ्यावं.

ही झाली पायाची बाजू. आवाजाची बाजू दोन वाटांनी पुढे आली. पहिली वाट सॅम्पलिंगची: खऱ्या पियानोचा एकेक सूर ध्वनिमुद्रित करायचा आणि पट्टी दाबली की तो वाजवायचा. गायक स्टीव्ही वंडर यांच्याशी झालेल्या बोलण्यातून प्रेरणा घेऊन रे कर्झवाइल यांनी १९८४ मध्ये आणलेलं के-२५० हे वाद्य या वाटेवरचा मैलाचा दगड. तेव्हा मेमरी इतकी महाग होती की थोडेच सूर मुद्रित करून ते ताणून बाकीच्या पट्ट्यांवर बसवत. १९९८ मध्ये गिगासॅम्पलर या प्रणालीनं सूर थेट हार्ड डिस्कवरून वाजवायला सुरुवात केली आणि जागेचा प्रश्न सुटला. ८८ पट्ट्या, प्रत्येकीचे हळू ते जोरात असे दहा आघात, आणि ते सगळे एकदा पेडल सोडून आणि एकदा दाबून मुद्रित करायचे म्हटले तर १७६० मुद्रणं झाली. आजचे संच याच्या कितीतरी पुढे गेले आहेत. पट्टी सुटल्यावर डँपर तारेवर बसतानाचा हलका ‘थप्’, पेडल दाबताना सगळ्या तारांतून निघणारा उसासा, हेही वेगळं मुद्रित केलेलं असतं.

आणि तरीही खटकतं. पेडल दाबून मुद्रित केलेल्या सुरात त्या एका सुरानं जागवलेल्या तारा आहेत. पण वादक एकटा सूर कधी वाजवतो? नुसत्या दोन-दोन पट्ट्यांच्या जोड्याच ३८२८ होतात. त्यात आघातांचे प्रकार, दोन सुरांमधला वेळ, आधीच्या सुरांची उरलेली आस हे सगळं धरलं तर मुद्रण करायला आयुष्य पुरणार नाही. शिवाय बरेचदा वादक आधी सूर वाजवतो आणि पेडल मागून दाबतो. वर सांगितलेली पहिली युक्ती तीच. खऱ्या पियानोत त्या क्षणी चालू सुराचा रंग उमलतो, कारण बाकीच्या तारा मोकळ्या होऊन त्यात सामील होतात. नुसत्या मुद्रणांच्या पियानोत तो सूर जसा होता तसाच राहतो.

दुसरी वाट या अडचणीतून निघाली. फ्रान्समधल्या तुलूझ शहरातल्या मोडार्ट या कंपनीनं २००६ मध्ये पियानोटेक आणला. तिचे संस्थापक फिलिप गियोम गणिताकडे वळण्याआधी पियानो सुरात लावण्याचं काम करत. त्यांच्या पियानोत एकही मुद्रण नाही. हातोडीचा नमदा किती कडक, तार किती लांब, साउंडबोर्ड कसा हलतो, डँपर तारेला किती लागला आहे, याची समीकरणं वाजवता वाजवता सोडवली जातात. मुद्रणांचे संच कित्येक गिगाबाइट जागा घेतात, हा काही मेगाबाइटांत मावतो. इथे पेडल मागून दाबलं तर रंग उमलतो, अर्ध्यावर धरलं तर वरचे सूर विझतात आणि खर्ज घुमत राहतो. काही जाणकार कानांना याच्या सुरात लाकडाची ऊब थोडी कमी वाटते. तरी ज्याच्याकडे साधा लॅपटॉप आहे आणि पाय शिकायचा आहे, त्यानं या वाटेनं जावं असं म्हणायला हवं. रंग थोडा कमी असला तरी पायाला खरं उत्तर मिळणं महत्त्वाचं आहे. चुकीच्या पेडलाला जो पियानो गोड आवाजानं झाकून टाकतो, तो शिकणाऱ्याचं नुकसान करतो. आता मुद्रणांवर चालणारे चांगले संचही अनुनादाचा भाग गणितानं जोडू लागले आहेत, आणि दोन्ही वाटा जवळ येत आहेत.

हातातला पियानो कोणत्या जातीचा आहे हे ओळखायला पाच मिनिटं पुरतात. खर्जातला सा आवाज न होऊ देता अगदी हळू दाबून धरावा. मग त्याच्या वरच्या सप्तकातला सा जोरात वाजवून चटकन सोडावा. खऱ्या पियानोत न वाजलेला खालचा सा आता वरच्या सुरात बारीक गुणगुणत राहिलेला ऐकू येतो. मग तसंच कोमल रिषभ वाजवून पाहावा. उत्तर जवळपास येत नाही. नंतर पेडल दाबून खर्जात एक दणदणीत सूर वाजवावा, बोट उचलावं, पाय क्षणभर उचलून लगेच दाबावा. खरी जाड तार एवढ्याशा स्पर्शानं पुरती थांबत नाही. तिचा उरलेला आवाज पाय पुन्हा पकडतो. तारसप्तकातला सूर याच हालचालीनं साफ पुसला जातो. दोन्हीकडे सारखंच उत्तर मिळालं तर आत दिव्याचं बटणच बसवलेलं आहे.

इथे एक गल्लत टाळायला हवी. पियानो कोरडा वाटला की बरेच जण रिव्हर्ब वाढवतात. रिव्हर्ब हा खोलीचा गुण, देवळाच्या गाभाऱ्यातल्या घुमाऱ्यासारखा. आस हा वाद्याचा गुण. गाभाऱ्यात फुटका तंबोरा नेला तर घुमेल, पण बोलणार नाही. सराव करताना रिव्हर्ब बंद ठेवलं तर पायाच्या चुका आपल्या आपल्यालाच ऐकू येतात.

सुरांनी एकमेकांना ऐकावं याची किंमत किती, याचा एक दाखला सोलापूर जिल्ह्याच्याच मातीतला आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. करमाळ्याच्या रानावनांत घडलेल्या त्या कथेच्या गाण्यांसाठी संगीतकार अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा भाग हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर प्रत्यक्ष वादकांकडून मुद्रित करून घेतला. भारतीय चित्रपटासाठी तिथे असं पहिल्यांदाच झालं. त्या वर्षी संगणकात वाद्यवृंदाचे उत्तमोत्तम संच सहज मिळत होते. पण एका दालनात बसलेली व्हायोलिनं एकाच हवेत वाजतात, एकीचा आवाज दुसरीच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो, आणि वादक एकमेकांचा श्वास ऐकून गज ओढतात. पियानोत हेच नातं तारांमध्ये असतं, एकाच पेटाऱ्यात, आणि ते जोडणारा किंवा तोडणारा वादकाचा पाय असतो.

यंत्रानं आसेची नक्कल करण्याचा इतिहास आपल्याकडे संगणकातल्या पियानोच्या आधीपासून आहे. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला आणि नंतर तो घरोघर, क्लासोक्लास पोचला. आता फोनवरच्या तंबोऱ्यांत खऱ्या तंबोऱ्याची मुद्रणं असतात. एकट्यानं रियाज करणाऱ्या हजारो मुलांना त्यांनी आधार दिला आहे. तरी मैफलीत गवयाच्या मागे दोन तंबोरे असतातच. गवई षड्ज लावतो तेव्हा मागचा तंबोरा त्याच्या गळ्याला उत्तर देतो. गायलेला सूर हवेतून भोपळ्यापर्यंत जातो, तारा हलवतो आणि परत येतो.

खऱ्या पियानोतही हे घडतं. उजवं पेडल दाबून धरावं, एकही पट्टी न वाजवता साउंडबोर्डकडे तोंड करून मोकळ्या आवाजात ‘आ’ म्हणावं आणि गप्प व्हावं. तारा तोच ‘आ’ परत करतात, स्वराच्या उंचीसह आणि ‘आ’काराच्या छटेसह, ‘ई’ म्हटलं तर ‘ई’. लॅपटॉपमधल्या पियानोला हे अजून जमत नाही, कारण त्याला खोलीतलं काही ऐकूच येत नाही. त्याला फक्त पट्ट्या आणि पेडल कळतं. ज्यांच्या घरी खरा पियानो नाही, त्यांनी हा प्रयोग तंबोऱ्यावर करावा. भोपळ्याजवळ कान न्यावा, तारांना बोट न लावता आपला षड्ज लावावा, थांबावं, आणि मग लॅपटॉप उघडून पेडलावर पाय ठेवावा.